धडधाकट दिसणाऱ्या माणसाने कुणाला किती समजावून सांगायचं?

प्रश्न: मी ३६ वर्षांची आहे, कर्वेनगरला राहते, हिंजवडीत नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरॉसिसचं निदान झालं. पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. गेल्या महिन्यात पीएमपीच्या बसमध्ये दिव्यांगांच्या सीटवर बसले होते, तर एका आजोबांनी सगळ्यांसमोर सुनावलं, “धडधाकट आहेस, लाज नाही वाटत?” मी उठले आणि दोन स्टॉपांनंतर पाय लटपटायला लागले. घरी सासूबाई म्हणतात, सकाळी तर चांगली होतीस. ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, कशाला गाजावाजा. मग मी प्रत्येकाला समजावत बसू का? प्रमाणपत्र काढू का? आणि मी खरंच ‘दिव्यांग’ आहे का?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारामुळे रोजची कामं जिथे अडतात, तिथे माणसाला, त्याच्या घराला आणि कामाच्या जागेला वाट काढून द्यायची, हे माझं काम. पुण्यात ते करतेय त्याला चोवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत “मी खरंच दिव्यांग आहे का” असं चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने मला विचारल्याचं आठवत नाही. हा प्रश्न येतो तुमच्यासारख्यांकडून. जग त्यांच्याकडे पाहून रोज ‘नाही’ म्हणतं आणि हळूहळू त्यांना स्वतःलाही तसंच वाटायला लागतं.

कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ला लागू झाला, त्यात ते एकवीस झाले. त्या यादीत मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव लिहिलेलं आहे. त्याच यादीत पार्किन्सन आहे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आहे, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार आहेत. यातलं बरंचसं बसमध्ये शेजारी बसूनही ओळखू येत नाही. तुमचं अपंगत्व किती टक्के भरतं हा पुढचा प्रश्न, त्याकडे नंतर येते. पण तुम्ही कुणाची जागा बळकावली नव्हती, एवढं आजच मनाशी पक्कं करा.

आता सासूबाईंचं वाक्य. ते खोटं नाही, आणि तुम्हीही खोट्या नाही. एमएसमध्ये, म्हणजे तुमच्या मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये, आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश जातो, पण रखडत जातो. सकाळी, झोप झाल्यावर, गार हवेत तो नीट पोचतो. दुपारच्या उन्हात, दोन जिने चढल्यावर किंवा कढत पाण्याची अंघोळ झाल्यावर तोच संदेश वाटेत अडतो. अंगातलं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी काहींना तेवढं पुरतं. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९०मध्ये हे नोंदवलं होतं; व्यायामानंतर त्यांच्या रुग्णांची नजर काही वेळ अंधुक व्हायची. एमआरआय नव्हता त्या काळात डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहत. सकाळी चालता येणं आणि दुपारी पाय न उचलणं, दोन्ही त्याच आजाराची लक्षणं आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची दिवाळी दरवर्षी नरक चतुर्दशीच्या पहाटे बिघडायची. कढत पाणी, उटणं, बंद न्हाणीघरातली वाफ. बाहेर आल्या की पलंगावर पडायच्या, त्या फराळालाही उठायच्या नाहीत. घरात समजूत अशी की पाहुणे येणार म्हटलं की हिचं सुरू होतं. आम्ही पाणी कोमट केलं, खिडकी उघडी ठेवली आणि आत बसायला एक स्टूल दिलं. त्या वर्षी त्या सगळ्यांबरोबर फराळाला बसल्या. औषधात काडीचा बदल केला नव्हता. तुमच्या एप्रिल-मेसाठीही हेच सांगेन: बाहेर पडताना गार पाण्याची बाटली आणि ओला करून पिळलेला स्कार्फ मानेभोवती. पुण्यात तोंडाला स्कार्फ बांधलेल्या बाईकडे कुणी वळूनसुद्धा पाहत नाही, त्याचा फायदा घ्या. उष्णतेने वाढलेला त्रास अंग गार झालं की उतरतो, त्याने नवी इजा होत नाही. पण नवं लक्षण किंवा वाढलेला त्रास चोवीस तासांपेक्षा जास्त टिकला तर न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. ताप किंवा लघवीचा संसर्ग असला तरी तसाच त्रास होतो, म्हणून ते आधी तपासून घेतात.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. मी नवीन होते. एक शिक्षिका तपासायला आल्या, सकाळी दहाला. खोलीभर छान चालल्या. मी कागदावर लिहिलं, “चाल सामान्य”, आणि वर त्यांना सांगितलं की थोडी इच्छाशक्ती वाढवा. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, चार वाजता, न सांगता आल्या. दारातून माझ्या टेबलापर्यंत यायला त्यांनी भिंत धरली होती. म्हणाल्या, “आता लिहा.” त्या दिवसापासून मी माणूस ताजा असतानाच्या तपासणीवर निकाल देत नाही. शक्य असेल तर सहा मिनिटं चालवते, मग पुन्हा पाय पाहते. मी शिकलेली, या कामाचीच माणूस, आणि माझे डोळे फसले. म्हणून आजोबांवर माझा तेवढा राग नाही.

पण राग नाही म्हणजे त्यांना सगळं समजावत बसायचं असंही नाही. माझं म्हणणं असं आहे. ज्याला सांगितल्याने तुमच्या रोजच्या दिवसात फरक पडणार आहे त्याला नीट, वेळ काढून सांगा. बाकीच्यांना एक वाक्य पुरे, आणि काहींना तेही नको. सांगताना आजाराच्या नावापासून सुरुवात करू नका, गरजेपासून करा. ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस’ म्हटलं की समोरचा एकतर घाबरतो नाहीतर आपल्या आत्याच्या मणक्याची गोष्ट सुरू करतो. “मला दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही” याचा अर्थ मात्र कुणालाही कळतो.

बसमध्ये म्हणायचं वाक्य घरी पाठ करून ठेवा, कारण अपमान झाला की शब्द सुचत नाहीत. “आजोबा, मला नसांचा आजार आहे, उभं राहिले तर मी पडते.” एवढंच, हळू आवाजात. रिपोर्ट दाखवू नका, रडू आलं तर येऊ द्या, पण उठू नका. आणि एक गोष्ट मनात ठेवा: त्या आजोबांची गेल्याच वर्षी बायपास झालेली असू शकते. त्यांचंही दुखणं तुम्हाला दिसत नव्हतं. अशा वेळी दोघांपैकी कुणी उठायचं हा वाद घालण्यापेक्षा “माझ्याऐवजी कुणीतरी यांना जागा द्या” असं मोठ्याने म्हणा. कुणी ना कुणी उठतं. चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवलं तर आणखी बरं. मेट्रोच्या लिफ्टपाशीही असंच कुणी टोकलं तर तेच वाक्य.

दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद कायद्यात आहे. हे तुम्हाला माहीत असावं. पण ते कलम हेतुपुरस्सर छळणाऱ्यांसाठी आहे, गैरसमजातून बोललेल्या म्हाताऱ्या माणसासाठी ते वापरावं असं मला वाटत नाही.

टोकियोत २०१२पासून ‘हेल्प मार्क’ आहे. लाल पट्टी, त्यावर पांढरा अधिक आणि हृदयाचं चिन्ह. ज्याचा त्रास दिसत नाही तो माणूस ती पिशवीला अडकवतो. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६मध्ये सूर्यफुलाची हिरवी गळपट्टी सुरू झाली. आपल्या बसमध्ये आणि मेट्रोत असं काही यावं अशी माझी फार इच्छा आहे आणि त्यासाठी मी बोलत राहणार आहे. तोवर माझे काही रुग्ण पाकिटात मराठीत लिहिलेलं छोटं कार्ड ठेवतात. बोलायची ताकद नसते तेव्हा ते पुढे करतात.

काठीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. काठी हातात आली की लोक बदलतात, हे खरं आहे. रिक्षावाला थांबतो, रांगेतले पुढे जा म्हणतात. मग मनात येतं, हे सोंग तर नाही ना? तुमचे पाय दोन स्टॉपांत लटपटले. म्हणजे वाईट दिवशी काठीची तुम्हाला गरज आहेच, आणि ती पाहून लोक अंतर राखत असतील तर तोही तिचा उपयोगच आहे. मात्र ती नीट धरा. काठी अशक्त पायाच्या विरुद्ध हातात हवी. सिनेमात पाहून बरेच जण उलट धरतात. उभं राहून हात सैल सोडला की तिची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. खालची रबरी टोपी पावसाळ्याआधी बदला, झिजलेली टोपी ओल्या फरशीवर घात करते. काठी नसलेल्या दिवशी मुद्दाम लंगडायचं मात्र नाही. मी तसं करणारे पाहिले आहेत, विश्वास बसावा म्हणून करतात बिचारे, पण खोट्या चालीने कंबर आणि गुडघा दोन्ही दुखावतात.

त्याहून मोठा धोका उलट्या बाजूचा आहे आणि तुमच्या प्रश्नावरून वाटतं की तुम्ही त्यात आहात. सिद्ध करायचा हट्ट. कुणी बोललं की आपण जास्त करून दाखवतो. गौरी जेवायला येणार, चाळीस पुरणपोळ्या, सगळं उभ्याने, तेही गॅससमोर. त्या दिवशी सगळे म्हणतात, बघ, मनात आणलं तर जमतं. पुढचे चार दिवस अंथरुणात जातात ते कुणी पाहत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच चाळीस पोळ्या तुमचं माप ठरतात. एमएसचा थकवा झोप काढून जाणारा नसतो. रुग्णांना मी सोसायटीच्या टाकीचं उदाहरण देते. पाणी एकदाच सकाळी येतं. सकाळीच सगळे नळ उघडे सोडले तर संध्याकाळी भांडी घासायला थेंब उरत नाही, आणि उद्याची सकाळ आज आणता येत नाही. म्हणून कामं दिवसभरात वाटा. पोळ्या सकाळी गारव्यात लाटा, ओट्याशी उंच स्टुलावर बसून. भाजी आदल्या रात्री बसून चिरा. बऱ्या दिवशीसुद्धा ठरलेल्या वेळी वीस मिनिटं आडवं व्हा, थकण्याआधी. थकल्यावर घेतलेली विश्रांती दुप्पट लागते, हा माझ्या रुग्णांचा अनुभव आहे.

घरच्यांना मात्र सविस्तर सांगायचं, आणि नुसतं तोंडाने सांगून पुरत नाही. माझ्या खोलीत मी नवऱ्यांना बसवते, दोन्ही पायांना दोन-दोन किलोचे वजनपट्टे बांधते, हातात जाड हातमोजे देते आणि म्हणते, आता शर्टाची बटणं लावा, मग जिना चढून या आणि वर पोचल्यावर मुलाचा गृहपाठ घ्या. पहिल्या मजल्यावर चेहरा बदलतो. एक गृहस्थ वरून खाली आले ते बायकोशेजारी नुसतेच बसून राहिले. सासूबाईंना पुढच्या वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे बरोबर न्या, आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की एमआरआयवरचे पांढरे डाग त्यांना दाखवा. सुनेच्या तोंडून आलेलं कारण आणि डॉक्टरांनी दाखवलेली फिल्म यांचं वजन त्यांच्या पिढीत वेगळं असतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण तसं असतं. आणखी एक: त्यांचे गुडघे दुखत असतील तर त्याबद्दल आधी विचारा. ज्या बाईने आयुष्यभर दुखणं गिळून पोळ्या लाटल्या, तिला तुमचं बसणं टोचतं त्यामागे बहुतेकदा हे असतं की तिला कुणी कधी बसू दिलं नाही. स्टुलं दोन आणा.

यजमानांचं “गाजावाजा नको” मला ओळखीचं आहे. त्यामागे भीती असते. लोक काय म्हणतील याची थोडी आणि पुढे काय होईल याची जास्त. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना एक काम द्या. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे, तिथे एकदा दोघांनी मिळून जा. वीस वर्षं एमएस असलेली, नोकरी करणारी माणसं त्यांना समोर दिसू द्या. आणि तुम्हाला हल्ली वारंवार रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. एमएसमध्ये नैराश्य बऱ्याच जणांना येतं आणि त्याला उपचार आहेत. लोकांच्या बोलण्याने आलं असेल म्हणून सोडून देऊ नका.

ऑफिसचं. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण कुणालाच न सांगणं आता तुम्हाला महाग पडतंय असं मला वाटतं. २०१६च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, खासगी कंपनीनेसुद्धा, आणि वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही लिहायची असते. आधी ते धोरण मागवून वाचा. मग एचआरला लेखी पत्र द्या, एका पानाचं. त्यात वेदनांचं वर्णन नको. मला हे काम करता येतं; या परिस्थितीत अडतं; म्हणून हे तीन बदल हवेत, एवढंच. तुमच्या बाबतीत ते असे असू शकतात: कामाची वेळ अशी की हिंजवडीच्या गर्दीत दीड तास उभं राहावं लागू नये, आठवड्यातले ठरावीक दिवस घरून काम, एसीजवळची जागा. दुपारनंतर शब्द अडत असतील, लक्ष टिकत नसेल, तर तेही लिहा. एमएसचा तो भाग पायांपेक्षाही कमी दिसतो आणि सहकारी त्याला निष्काळजीपणा समजतात. महत्त्वाच्या बैठका सकाळी ठेवा. न्यूरॉलॉजिस्टचं पत्र सोबत जोडा, अख्खी फाइल देऊ नका.

प्रमाणपत्र काढा. सरकारच्या ‘स्वावलंबन’ या वेबसाइटवर अर्ज करायचा, मग पुण्यात ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीला जायचं. न्यूरॉलॉजिस्टचे कागद, एमआरआय, आजार आतापर्यंत जेव्हा जेव्हा उसळला त्या तारखा आणि औषधांची यादी न्या. गेल्या महिन्याची साधी डायरीही न्या: किती चालल्यावर पाय ओढायला लागला, किती वेळा तोल गेला. सकाळी विश्रांती घेऊन, छान तयार होऊन जाऊ नका आणि वाढवूनही दाखवू नका. नेहमीसारखा प्रवास करून जा आणि विचारलं तर वाईट दिवसही सांगा. अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली भरलं तर पांढरं ओळखपत्राचं कार्ड मिळतं, ४० ते ८०च्या दरम्यान पिवळं, ८० आणि त्यावर निळं. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण आणि जुन्या करपद्धतीतली ७५,००० रुपयांची वजावट यांना ४० टक्के लागतात. ८० टक्क्यांना वजावट १,२५,००० होते. तुमची टक्केवारी आज कमी भरली तर मन खट्टू करून घेऊ नका. कार्डावरचा आकडा सवलती ठरवण्यासाठी आहे, त्यावरून तुमचा थकवा खरा की खोटा हे ठरत नाही. दाद मागायची वेळ आलीच तर राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे.

तुमच्यासारखाच त्रास असलेल्या इतरांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी एक सांगते. फिट्स येणारे, संधिवाताचे, फायब्रोमायल्जियाचे (सतत अंगभर दुखण्याचा आजार) रुग्ण विचारतात की आमचं नाव एकवीसमध्ये का नाही. त्या नावाने नाही, हे खरं आहे. संधिवाताने सांधे कायमचे अडले असतील तर चलनवलनाच्या गटात तपासणी होऊ शकते. फिट्सबद्दल तर अजून कांदा आणि चप्पल हुंगवणारे भेटतात. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा; पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ला फोन करा. अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार, हे विवाह रद्द करायचं कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९मध्ये काढून टाकलं आहे. तरीही मुलींची लग्नं जमवताना गोळ्या लपवल्या जातात, आणि गोळ्या चुकल्या की फिट येते.

तुमच्या घरात लहान मूल असेल तर त्याला सर्वांत आधी समजावून सांगा, नवऱ्याला समजावण्याच्याही आधी सांगितलं तरी चालेल. मुलांना आईचं झोपणं दिसतं आणि ती त्याचा अर्थ स्वतःच लावतात. बऱ्याचदा ‘माझ्यामुळे’ असा लावतात. त्याला टाकीचं उदाहरण द्या. माझ्याकडे येणाऱ्या एका आईचा मुलगा शाळेतून आला की विचारतो, आज किती भरलीय? ती खरं सांगते. अर्धी असेल तर दोघं बसून पत्ते खेळतात. भरलेली असेल तर त्याला खाली सायकलवर घेऊन जाते, आणि तेव्हा शेजारच्या खिडकीतून कोण पाहतंय याकडे आता तिचं लक्ष जात नाही.